भ्रमणध्वनीचे कुलूप

मुंबईहून हुसेनसागर एक्स्प्रेसने येणारा आपला पाहुणा ज्या नामपल्ली स्थानकावर उतरतो, ते स्थानक १९०७ सालचे. तेथून पायी आबिड्सच्या दिशेने निघाले, तर पंधरा-वीस मिनिटांत आपण जगदीश मार्केटच्या तोंडाशी येतो. अरुंद बोळ आणि दोन्ही अंगांना खेटून उभी असलेली कपाटाएवढी दुकाने. प्रत्येक दुकानात भिंग लावलेला दिवा आणि त्याखाली पोट उघडे टाकून पडलेला भ्रमणध्वनी. हैदराबादेत भ्रमणध्वनीच्या दुखण्यावर औषध हवे असेल, तर लोक प्रथम या बोळाचाच रस्ता धरतात. काही महिन्यांपूर्वी मीही धरला. निमित्त होते आमच्या अक्काच्या फोनचे.

अक्का माझी थोरली बहीण, राहायला काचिगुड्याला. तिच्या नातवाने डॅलसहून येणाऱ्या एका स्नेह्याबरोबर तिला फोन पाठवला. त्याने स्वतः दोन वर्षे वापरलेला, पण नव्यासारखा दिसणारा. अक्काने आपल्या जुन्या फोनमधले कार्ड काढून त्यात घातले, तो पडद्यावर इंग्रजीत सूचना उमटली की हे कार्ड येथे चालणार नाही. कार्ड उलटेसुलटे घालून पाहिले, शेजारच्या मुलाला दाखवले, तरी तेच. “अरे, देणाऱ्याने दिला, घेणारीने घेतला, मग मध्ये हा तिसरा कोण नाही म्हणणारा?” असे तिने मला विचारले. प्रश्न तिने वैतागून विचारला होता खरा, पण या सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे.

जगदीश मार्केटमधल्या पहिल्या दुकानदाराने फोन हातात घेऊन क्षणभर पाहिला आणि चार हजार रुपये मागितले. कुलूप ‘सर्व्हरवरून’ उघडून देतो, पण पैसे आधी, आणि उघडले नाही तर परत मिळणार नाहीत, अशी त्याची अट. दुसरा दुकानदार वयाने मोठा होता. त्याने फोनचा क्रमांक काढून पाहिला आणि आपल्या दखनीत म्हणाला, “साब, इसके पैसे उधर बाकी हैं. जिसने भेजा उसीको पूछो, हमारे हाथ में कुछ नक्को रखो.” एक पैसाही न घेता त्याने फोन परत दिला. त्या रात्री नातवाला विचारले, तेव्हा त्याचा शब्द न् शब्द खरा निघाला. पण तो हिशेब पुढे सांगतो. तत्पूर्वी हे कुलूप म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

भ्रमणध्वनीला दोन प्रकारची कुलुपे असतात आणि बोलताना त्यांची गल्लत होते. एक आपण स्वतः घालतो, चार आकड्यांचे किंवा बोटाच्या ठशाचे. दुसरे कंपनीने कारखान्यातूनच घालून आणलेले असते. त्यामुळे तो फोन एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालतो, दुसऱ्या कंपनीचे कार्ड स्वीकारत नाही. हे दुसरे कुलूप उघडणे, म्हणजेच आपल्या बाजारातला ‘अनलॉक’. कंपनी असे कुलूप घालते, कारण तिने फोन आपल्याला त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी पैशांत दिलेला असतो. उरलेली किंमत ती दरमहाच्या आकारातून वसूल करते आणि ती वसूल होण्यापूर्वी गिऱ्हाइकाने दुसऱ्या दारी जाऊ नये, म्हणून दाराला कडी लावते. घासाघीस करून घेतलेल्या वस्तूचा व्यवहार तिथल्या तिथे मिटतो. या व्यवहाराला मात्र शेपूट असते.

पुष्कळ वाचकांना वाटेल की हे अमेरिकेतले प्रकरण, आपल्याकडे कुठे असे करार असतात? परंतु या प्रश्नावरचा आपल्या देशातील एक प्रसिद्ध खटला आपल्या हैदराबादेतच उभा राहिला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

भारतात भ्रमणध्वनीवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे मोजावे लागत. ती पद्धत मे २००३ पर्यंत टिकली. अशा काळात, २००२ च्या अखेरीस, रिलायन्स इन्फोकॉमने ‘धीरूभाई अंबानी पायोनिअर’ योजना आणली. सुमारे १०,५०० रुपयांचा हँडसेट, प्रारंभी भरायचे फक्त ३,३५० रुपये आणि पुढे तीन वर्षे दरमहा सुमारे ६०० रुपये. मध्यमवर्गीय घरातही आता असा फोन येऊ शकेल, असे लोकांना प्रथमच वाटले. बेरीज फारशी कोणी केली नाही. ती अशी : ३६ महिन्यांचे २१,६०० आणि प्रारंभीचे ३,३५० मिळून २४,९५० रुपये. त्या रकमेत संभाषणाची सेवा धरलेली होती, हे खरेच. म्हणून ही लूट होती असे मी म्हणणार नाही. पण साडेतीन हजारांत फोन मिळाला, ही समजूत मात्र चुकीची होती.

या योजनेतले फोन सीडीएमए पद्धतीचे होते आणि तेव्हा त्यांत काढता-घालता येणारे कार्ड नसे. मग ग्राहकाची ओळख कुठे? ती फोनच्या पोटातच कोरलेली असे. कारखान्यात बसवलेला ३२ बिटांचा इलेक्ट्रॉनिक अनुक्रमांक, म्हणजेच ईएसएन, हे त्या यंत्राचे जन्मनाव. दहा आकडी ग्राहकक्रमांक कंपनी नंतर घालून देई. शिवाय कंपनीची स्वतःची ओळख सांगणारा पाच आकडी क्रमांक असे. फोन चालू केला की तो आपली ओळख सांगतो, जाळे ती पडताळून पाहते आणि मगच दार उघडते. त्यामुळे असा फोन दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा, तर त्याच्या पोटातली ही माहितीच बदलावी लागे.

आंध्र प्रदेशात सीडीएमए सेवा देणारी दुसरी मोठी कंपनी म्हणजे टाटा इंडिकॉम. रिलायन्सचे ग्राहक तिकडे वळू लागले आणि रिलायन्सच्या कुलूपबंद फोनचा प्रोग्राम बदलून ते टाटांच्या जाळ्यावर चालवले जात आहेत, अशी तक्रार २००३ साली हैदराबादेत सी.आय.डी. पोलिसांकडे दाखल झाली. टाटा इंडिकॉमच्या काही अधिकाऱ्यांना अटक झाली. विश्वासघात, फसवणूक आणि कट ही भारतीय दंडविधानातील कलमे लागलीच. त्यांबरोबर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६५ आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ ही नवलाईची कलमेही लागली. आरोपी मुसीच्या काठच्या उच्च न्यायालयात गेले आणि गुन्ह्याची नोंदच रद्द करावी, अशी त्यांनी मागणी केली.

त्यांचा एक युक्तिवाद असा की फोन म्हणजे संगणक नव्हे, तेव्हा संगणकाच्या प्रोग्रामशी छेडछाड केल्याचे कलम त्याला लागूच होत नाही. दुसरा असा की आपली सेवा कोणाकडून घ्यावी, हे ठरवण्याचा आणि ती बदलण्याचा अधिकार ग्राहकाला आहेच. हा दुसरा युक्तिवाद वाचताना मला अक्काचा प्रश्न आठवतो. देणाऱ्याने दिला, घेणाऱ्याने घेतला, मग तिसरा कोण?

न्यायालयाने २९ जुलै २००५ रोजी निर्णय दिला. दंडविधानातील कलमे टिकली नाहीत. परंतु कायद्यातील व्याख्येप्रमाणे भ्रमणध्वनी हा संगणकच आहे आणि त्यातला अनुक्रमांक बदलणे हे प्रथमदर्शनी कलम ६५ खाली येते, असे न्यायालयाने म्हटले. त्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कॉपीराइटचा भागही चौकशीसाठी शिल्लक राहिला. येथे कोणाला दोषी ठरवले नव्हते. चौकशी पुढे जाऊ द्यावी, एवढेच न्यायालयाने सांगितले. पण आपल्या खिशातले यंत्र कायद्याच्या दृष्टीने संगणक आहे, हे त्या दिवशी ठरले आणि वकिलीच्या विद्यार्थ्यांना हा निर्णय आजही शिकवला जातो.

माझ्या मते मात्र त्या प्रकरणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले. यंत्राचे जन्मनाव पुसून त्यावर दुसरे लिहिणे हा गुन्हा असावा, यात शंका नाही. तसे नसते, तर चोरीचा माल कधी ओळखताच आला नसता. परंतु पैसे पुरते फेडलेल्या माणसाने आपल्या यंत्राची कडी काढणे ही निराळी गोष्ट आहे. आज कार्डाच्या फोनमध्ये या दोन्हींत स्पष्ट भेद करता येतो. कुलूप उघडताना फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक जसाच्या तसा राहतो. तो क्रमांक बदलणे हा २०१७ च्या नियमांनुसार आणि पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार अपराध आहे. कोणी दुकानदार ‘नंबरच बदलून देतो’ म्हणाला, तर फोन उचलून घरी यावे.

त्या दोन्ही कंपन्यांची सेवा आता इतिहासजमा झाली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस भ्रमणध्वनी-संभाषणाची सेवा बंद केली, टाटांचा ग्राहकवर्ग २०१९ मध्ये एअरटेलकडे गेला आणि ज्यांच्यासाठी एवढा झगडा झाला, ते हँडसेट कोणाच्या तरी खणात पडले असतील. आपल्याकडे पुढे कार्ड वेगळे, फोन वेगळा अशी रीत रुळली. शंभरातले नव्वदांहून अधिक ग्राहक आधी पैसे भरून सेवा घेणारे असल्यामुळे करारबंद फोनचा मार्ग आपण फारसा स्वीकारला नाही. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि ग्राहकाला बांधून ठेवणारा आणखी एक दोर सुटला. तरीही कुलूप अधूनमधून डोके वर काढतेच. २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन भारतात आला, तेव्हा अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरना मिळणारा फोन येथे ३१,००० रुपयांना होता. पूर्ण किंमत मोजूनही तो ठरावीक कंपनीच्याच जाळ्याला बांधलेला! सवलत नसताना कुलूप कशाचे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. २०१७ च्या जिओफोनचा व्यवहार त्या मानाने सरळ होता. १,५०० रुपये अनामत ठेवायची, फोन फक्त जिओच्याच कार्डावर चालायचा, आणि तीन वर्षांनी फोन परत करून अनामत घ्यायची. अट आधीच सांगितलेली होती.

इतर देशांत कायद्याने या प्रश्नाला हात घातला आहे. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीत, नव्या फोनचे कुलूप कंपनीच्या संमतीवाचून उघडणे कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत आले. लोकांत असंतोष उसळला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांच्या सहीने ती मुभा पुन्हा देणारा कायदा झाला. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून कंपन्यांना कुलूप उघडण्यासाठी पैसे घेता येत नाहीत, आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यासच बंदी आहे. आपली मुले-नातवंडे या देशांत आहेत आणि त्यांचे जुने फोन पिशव्यांतून आपल्याकडे येतात. म्हणून हे तपशील आपल्यालाही उपयोगाचे.

आता अक्काच्या नातवाचा हिशेब. त्याला तो फोन ‘फुकट’ मिळाला होता. फुकट म्हणजे काय, तर फोनची किंमत छत्तीस हप्त्यांत विभागायची, दरमहा बावीस डॉलरचा हप्ता बिलात लावायचा आणि त्याच बिलात तेवढीच सूट द्यायची. ग्राहक छत्तीस महिने त्याच कंपनीकडे राहिला, तर फोन खरोखर फुकट. मध्येच सोडून गेला, तर सूट बंद आणि उरलेले हप्ते त्याच्या माथी. नातवाचे अकरा हप्ते शिल्लक होते. हप्ते संपेपर्यंत कंपनी कुलूप उघडत नाही. ते आजच उघडून हवे असेल, तर दोनशे बेचाळीस डॉलर एकरकमी भरायचे आणि पुढची सूट सोडून द्यायची. म्हणजे फुकटातल्या फोनला दोनशे बेचाळीस डॉलर! हप्ते पुरे झाले की मात्र तीच कंपनी एक पैसा न घेता कुलूप उघडून देते. चार हजार मागणाऱ्या त्या दुकानदाराने हे सांगितले नव्हते. त्याला ते ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

तेव्हा परदेशातून कोणी फोन पाठवतो म्हणाले, तर त्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हप्ते फिटले आहेत काय, आणि निघण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचे कार्ड घालून पाहिले आहे काय? येथे कोणाचा वापरलेला फोन विकत घेताना *#०६# दाबून त्याचा पंधरा आकडी क्रमांक पाहावा आणि KYM ऐवजी मराठीत सांगायचे तर ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरे व पुढे तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल, तर ते कळते. हप्त्यावर नवा फोन घेताना, हप्ता चुकल्यास दुरून फोन बंद करणारा प्रोग्राम त्यात बसवला आहे का, हे कागदावर सही करण्यापूर्वी विचारावे. हेही एक कुलूपच, केवळ नव्या धाटणीचे.

नातू पैसे भरायला तयार होता. “आजी, मी भरतो, तू काळजी करू नकोस,” असे तो दोनदा म्हणाला. अक्काने साफ नकार दिला. तिने तो फोन जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात, चांदीच्या पळी-पंचपात्राशेजारी ठेवला आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ती दर महिन्याच्या पाच तारखेला पेन्सिलीने एक रेघ मारते. परवा गेलो, तेव्हा सात रेघा झाल्या होत्या.