गृहशुश्रूषेची मानके आणि प्रमाणाचा प्रश्न

मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक माप, आणि दुसरा पुरावा. वस्तूच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ सहज एकत्र येतात. वजनाच्या मापावर शिक्का असला की माप तेच आणि पुरावाही तोच. सेवेच्या बाबतीत मात्र त्यांची फारकत होते. वृद्धांना त्यांच्या राहत्या घरी मिळणाऱ्या शुश्रूषेत तर ती विशेषच जाणवते. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात चार डोळे पाहणारे असतात. घरी दार लोटल्यावर शुश्रूषा करणारी आणि ती घेणारी अशा दोनच व्यक्ती उरतात. त्यामुळे गृहशुश्रूषेचे मानक ठरविताना सेवा कशी असावी एवढे सांगून भागत नाही. ती तशी झाली हे कशावरून जाणावे, याचेही उत्तर द्यावे लागते. ऑस्ट्रेलियातील अलीकडचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

त्या देशात वृद्धसेवेचा मूळ कायदा १९९७ चा. सेवेविषयीच्या वाढत्या तक्रारींनंतर २०१८ मध्ये वृद्धसेवेची गुणवत्ता आणि सुरक्षितता यांच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमण्यात आले. ऑक्टोबर २०१९ मधील त्याच्या अंतरिम अहवालाचे शीर्षक ‘उपेक्षा’ या एकाच शब्दाचे होते. जून २०१८ अखेरच्या वर्षात सोळा हजारांहून अधिक वृद्ध गृहसेवेची वाट पाहतच मरण पावले, ही बाब त्यात नमूद आहे. गुणवत्तेचा विचार सेवा सुरू झाल्यावर नव्हे, तर ती वेळेवर पोहोचते की नाही येथपासूनच करावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या, आणि नवा कायदा करावा ही त्यांतील प्रमुख होती. २०२४ चा हा कायदा १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला.

मानकांचा मजकूर भाषिक दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे. १९९७ च्या कायद्यात वृद्धाचा उल्लेख ‘सेवा स्वीकारणारा’ असा होता. जुलै २०१९ पासून लागू झालेल्या आठ मानकांत तो ‘ग्राहक’ झाला. नव्या कायद्यात तो ‘व्यक्ती’ आहे, आणि त्याच्या हक्कांचे निवेदन कायद्यातच समाविष्ट आहे. हे केवळ शब्दांतर नव्हे. स्वीकारणाऱ्याच्या वाट्याला कृतज्ञता येते. ग्राहकाला दुसऱ्या दुकानी जाण्याची मुभा असते. परंतु स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या अथवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती मुभा नाममात्रच राहते. व्यक्तीला हक्क असतात, आणि हक्क बजावण्याची शक्ती नसली तरी ते नष्ट होत नाहीत. नवी मानके सात आहेत. त्यांपैकी पहिली चार, म्हणजे व्यक्ती, संस्था, सेवा आणि परिसर यांविषयीची, गृहसेवेतील प्रत्यक्ष शुश्रूषेलाही लागू होतात. पाचवे वैद्यकीय स्वरूपाच्या शुश्रूषेपुरते आहे, तर आहाराचे व सामूहिक निवासाचे अशी शेवटची दोन केवळ निवासी संस्थांसाठी आहेत. प्रत्येक मानकाच्या आरंभी वृद्धाची अपेक्षा प्रथमपुरुषी मांडली आहे. संस्थेची कर्तव्ये त्यानंतर येतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत नियम अधिक काटेकोर आहेत. १ डिसेंबर २०२२ पासून गंभीर घटना कळविण्याचे बंधन गृहसेवेलाही लागू झाले. मारहाण, मानसिक छळ, सेवकाकडून चोरी अथवा आर्थिक जबरदस्ती, अनपेक्षित मृत्यू यांबरोबर उपेक्षेचाही त्यात समावेश आहे. अधिक गंभीर घटना चोवीस तासांत, तर इतर तीस दिवसांत नियामक आयोगास कळवावी लागते. तथापि संस्थेला जे कळते तेच ती कळविते, ही मर्यादा राहतेच. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. गृहशुश्रूषेत निरीक्षकाला प्रत्यक्ष क्वचितच लाभते. नोंदवही, भेटींच्या वेळा, सेवकाचे प्रशिक्षण यांवरून तो अनुमान करतो. नोंद नीट आहे म्हणून आंघोळ नीट घातली गेली, असे मात्र ठरत नाही. अशा वेळी निर्णायक ठरते ते शब्दप्रमाण, म्हणजे स्वतः वृद्धाचे सांगणे.

सुरक्षिततेच्या अतिरेकाने हे सांगणे दडपले जाण्याचाही धोका आहे. रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये मतिमंद व्यक्तींच्या संदर्भात ‘जोखमीची प्रतिष्ठा’ ही कल्पना मांडली, आणि ती पुढे वृद्धसेवेतही रुजली. पडण्याचे भय असूनही एखाद्या वृद्धेला स्वतः अंगणात उतरून झाडांना पाणी घालावेसे वाटते. तिला मनाई करणे संस्थेच्या सोयीचे असते. २०१९ च्या मानकांची अपेक्षा निराळी होती. धोका तिला समजावून द्यावा, कठडा किंवा काठी यांची व्यवस्था करावी आणि तिचा निर्णय मानावा, असा त्यांचा रोख होता.

शब्दप्रमाण मानले की भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. स्मृतिभ्रंशात उत्तरायुष्यात शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते आणि बालपणीची टिकून राहते. मेलबर्न अथवा सिडनी येथे मुलांकडे राहणाऱ्या मराठी आईवडिलांनाही हे लागू आहे. तेथे दूरध्वनीवरून दुभाष्याची सरकारी सोय १९७३ पासून आहे. तथापि अनेक घरांत मुलगा किंवा सूनच दुभाष्याचे काम करते. दैनंदिन व्यवहारास ते पुरेसे असेल. पण गाऱ्हाणे घरातल्याच माणसाविषयी असेल, तर ते त्या वाटेने बाहेर पडणार नाही. म्हणून तटस्थ दुभाष्या हा केवळ सौजन्याचा भाग नसून सुरक्षिततेचे साधन ठरतो.

भारतात २००७ च्या कायद्याने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाची आणि वृद्धाश्रमांची तरतूद केली. गृहसेवा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी व त्यांची किमान मानके यांचा अंतर्भाव २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होता. परंतु २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. पुण्यामुंबईत ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशींवर असंख्य घरे विसंबून आहेत. पुढे जी मानके होतील त्यांची परिभाषा मराठीत घडवावी लागेल, आणि ती मावशींना व वृद्धांना सारखीच कळणारी असावी लागेल. त्या कामी ‘शुश्रूषा’ हा शब्द मार्गदर्शक ठरावा. ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. मानकांत पहिल्या अर्थाला स्थान नसेल, तर दुसरा अर्थ नोंदवहीपुरताच राहील.