म्हातारपणाचे घर आणि गावाचा नकाशा

घोटी हे बाजाराचे गाव. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो. रेल्वेचे स्टेशन आहे. भाताच्या गिरण्या आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. रस्ता आला की गिऱ्हाईक येते आणि जमिनीला भाव येतो. भाव आला हे चांगलेच. पण ज्याच्याजवळ जमीन नाही, पैसा नाही, आणि अंगात कष्टाची ताकदही उरली नाही, अशा म्हाताऱ्या माणसाने राहायचे कुठे?

हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाही. २०११ च्या शिरगणतीत देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून जास्त भरली. महाराष्ट्रात तर दर शंभर माणसांत सुमारे दहा माणसे साठीच्या वरची होती. मुलगा पोटासाठी नाशिकला किंवा मुंबईला जातो. मुलगी सासरी जाते. मागे राहतात आई-बाप. घराची भिंत खचते, कौले गळतात. आपल्याकडचा पाऊस कसा दांडगा, ते आपण जाणताच.

वृद्धाश्रम म्हटले की पुष्कळांना वाईट वाटते. ‘आमचे म्हातारे आम्हाला जड झालेत काय?’ असे विचारतात. आम्ही म्हणतो, जड झाले नसतील तर उत्तमच. पण ज्याला कोणीच नाही त्याचे काय? आणि निराधारांना निवारा देणे ही काही परक्यांची रीत नव्हे. गाडगे महाराजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पुण्यात १८६३ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधारांसाठी एक गृह निघाले. ते आज ‘निवारा’ या नावाने चालते.

२००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी देशाने एक कायदा केला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, आणि निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम सरकारने टप्प्याटप्प्याने काढावा, असे त्याच्या १९ व्या कलमात सांगितले आहे. पण जिल्ह्याचा आश्रम जिल्ह्याच्या गावी. आपल्या माणसाला आपली आळी, आपले देऊळ, ओळखीचा दवाखाना सोडून जायचे जिवावर येते. म्हणून गावातच दहा-वीस खोल्यांची साधी, स्वस्त घरे असावीत, असे आम्हास वाटते.

जागा कोणती?

समजा, गावातल्या एका शेतकऱ्याने सांगितले, ‘माझ्या वावरातले वीस गुंठे या कामाला घ्या.’ लगेच उद्या पाया खणायचा काय? नाही. आधी गावाचा नकाशा पाहायचा.

आपल्या घरात चुलीची जागा वेगळी, मोरीची वेगळी, गुरांच्या गोठ्याची वेगळी. मोरीच्या जागी कोणी चूल मांडत नाही. तसेच सरकार मोठ्या मुलखाचा नकाशा करते. त्याला प्रादेशिक योजना म्हणतात. त्यात राहण्याची जागा पिवळ्या रंगाने दाखवतात आणि शेतीची हिरव्या रंगाने. लोक त्यालाच यलो झोन आणि ग्रीन झोन म्हणतात. १९६६ सालच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने ही पद्धत घातली. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. कोणत्या रंगात काय बांधता येते ते तिच्यात आहे.

तेव्हा पहिले काम हे. सातबारा काढा आणि नगररचना कार्यालयातून जागेचा झोन दाखला घ्या. जागा गावठाणालगत असेल तर काम सोपे जाते. हिरव्यात असेल तर दोनच वाटा. नियमावलीत असे घर त्या रंगात चालत असेल, तर रीतसर नकाशा मंजूर करून घ्यावा. चालत नसेल, तर त्या जागेचा रंग बदलून मागावा. हा बदल सरपंच करू शकत नाही आणि तहसीलदारही करू शकत नाही. तो राज्य सरकार करते. आधी सरकारी राजपत्रात व वर्तमानपत्रात नोटीस निघते. लोकांच्या हरकती मागवतात. त्या ऐकून घेतात. मग निर्णय होतो. याला वेळ लागतो. पण परवानगीशिवाय बांधलेले घर पाडले गेले, तर त्या म्हाताऱ्यांना दुसऱ्यांदा बेघर व्हावे लागेल. त्यापेक्षा थांबलेले बरे.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? गायरान पडलेच आहे की!’ तो विचार सोडून द्या. गायरान गुरांच्या चराईसाठी आहे. जमीन महसूल संहितेचे कलम २२-अ दुसऱ्या वापराला मनाई करते. सवलत आहे ती थोडी, आणि मुख्यतः सरकारी कामांसाठी. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे.

आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. घर बांधणारा ट्रस्ट हा शेतकरी नव्हे. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत किंवा बक्षीस द्यायची तर आधी परवानगी लागते. आणि जमीन आदिवासी बांधवाची असेल, तर बिगरआदिवासीच्या नावे करायला कलेक्टरची परवानगी हवीच. आपल्या तालुक्यात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

शेजाऱ्याची हरकत

हरकत घेणारा माणूस शत्रू असतो असे समजू नये. शेजारचा शेतकरी म्हणेल, ‘वीस खोल्यांचे सांडपाणी माझ्या भाताच्या खाचरात येईल.’ हे बोलणे रास्त आहे. शोषखड्डा कुठे खणणार ते नकाशात दाखवावे. दुसरा विचारील, ‘आज म्हाताऱ्यांच्या नावाने रंग बदलाल आणि उद्या तिथे बंगले विकाल!’ हेही रास्त आहे. याला उत्तर आहे. नोंदलेल्या सार्वजनिक ट्रस्टला आपली जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. जागा कशासाठी दिली, ती अटही दस्तात लिहून घ्यावी. ‘इथे म्हातारी माणसे नकोत,’ एवढीच हरकत असेल, तर मात्र ती हरकत घेणाऱ्याने आपले वय मोजून पाहावे.

घर कसे असावे? एकमजली. दाराला उंबरा नको. दार ९० सेंटिमीटर रुंद असावे, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते. न्हाणीत घसरणारी फरशी नको, भिंतीला धरायला दांडी हवी. संडास खोलीला लागून हवा. पावसात छत्री धरून अंगणापलीकडे जाणे सत्तरीच्या माणसाला झेपत नाही.

स्वतःचे छप्पर सांभाळा

नवे घर होईल तेव्हा होईल. तोवर आहे ते छप्पर जाऊ देऊ नये. पुष्कळ आई-बाप मायेपोटी घर-जमीन मुलाच्या नावे करून देतात. तसे करायचेच असेल तर ‘मुलाने आम्हाला शेवटपर्यंत सांभाळावे’ ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. मग मुलाने सांभाळले नाही, तर २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसली तर भांडण कठीण होते. पोटगीही मागता येते. अर्ज प्रांतसाहेबांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. या कायद्यात महिना दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी ठरवता येते. अंगठा करण्यापूर्वी कागद वाचावा. आता आपल्याला वाचता येते, त्याचा पहिला उपयोग इथे करावा.

आपण काय करावे?

तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. नावे बदलली तरी दफ्तर तेच आहे. तिथे जावे, नियम विचारावेत. नियम बदलत असतात, म्हणून ऐकीव गोष्टीवर जाऊ नये. बिनशेतीचे नियमही अलीकडे सैल होत आले आहेत. २०२५ च्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणातही ज्येष्ठांच्या घरांचा विचार केला आहे. त्याचा आपल्या गावाला काय उपयोग, हे विचारणे आपला हक्क आहे.

मग विषय ग्रामसभेत मांडावा. ग्रामसभेचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे, हे खरे. पण गावाचे मन काय आहे, ते वरच्या कचेरीला त्यावरून कळते. ग्रामसभा भरायला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जी संख्या कमी असेल तेवढी हजर लागतात. घोटीसारख्या मोठ्या गावाला शंभर माणसे पुरे होतात. त्या शंभरांत तरुणांनी बसावे, आणि ज्यांना चालवत नाही त्या म्हाताऱ्या मंडळींना हाताला धरून आणावे. घर त्यांचे आहे. खोली कशी हवी, ते त्यांनाच आधी बोलू द्यावे.