सेंटरच्या मागची जागा

२९ ऑगस्ट १९५१. कॅनडातल्या हॅमिल्टन टायगर-कॅट्स संघाचा सेंटर चेंडूवर वाकला आणि त्याच्या मागे बर्नी कस्टिस हात पुढे करून उभा राहिला. आधुनिक काळातल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये नियमित क्वार्टरबॅक म्हणून उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू, अंगावर धावून येणारे धटिंगण, एकेक यार्डासाठी झोंबाझोंबी. अमेरिकन खेळाचा हा सख्खा भाऊच. फक्त कॅनडात गडी बारा, आणि दहा यार्ड सरकायला चारऐवजी तीनच संधी. सेंटरच्या दोन पायांमधून चेंडू मागे आला, की फेकायचा, साथीदाराला द्यायचा की स्वतःच पळायचं, हे क्वार्टरबॅकने क्षणात ठरवायचं. काळ्यांनी पळावं, भिडावं. डोकं चालवायची जागा मात्र गोऱ्यांची, असा तेव्हाचा समज होता.

वॉशिंग्टनमध्ये जन्मलेला, फिलाडेल्फियात वाढलेला कस्टिस सिरॅक्युज विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १९५१ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन संघाने त्याला निवडलं, पण बचावात खेळवायला. प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना सरसकट वर्णद्वेष्टे म्हणता येत नाही. १९४६ पासून त्यांच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू होते, आणि क्वार्टरबॅक म्हणून ऑटो ग्रॅहमसारखा मातब्बर हाताशी होता. पण कस्टिसने सोडून द्या म्हटल्यावर त्यांनी घातलेली अट बोलकी आहे: कॅनडात जा, अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या संघाकडे नाही.

कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी कॅनडाची वाट हर्ब ट्रॉविकने १९४६ मध्येच माँट्रियलला रुळवली होती. पण तो लाइनमध्ये झुंजणारा. कस्टिसने हॅमिल्टनमध्ये संघाची सूत्रं घेतली आणि पहिल्याच हंगामात ऑल-स्टार ठरला.

बक्षीस काय? १९५२ मध्ये त्याला चेंडू घेऊन पळणाऱ्यांत नेलं. पळायचा उत्तम, हे खरंच; तरी ऑल-स्टार क्वार्टरबॅकची जागा बदलणं मला आजही पटत नाही. कॅनडाला सोवळं ठरवताना हे वर्ष हटकून गाळलं जातं. १९५३ चा ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या फुटबॉलचं अजिंक्यपद, त्याने जिंकलं ते चेंडू घेऊन पळणारा म्हणून. पुढे ओटावाच्या संघात गेला, आणि १९५६ नंतर खेळ संपला.

तो हॅमिल्टनमध्येच राहिला. शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, मॅकमास्टर विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षकही. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो गेला. दोन वर्षांनी त्याच्या नावाची माध्यमिक शाळा उघडली, टायगर-कॅट्सच्या मैदानाच्या अगदी शेजारी.