ध्वनीने पाहणारे यंत्र

अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी या गावी १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा ग्रामीण भागातील एखाद्या रुग्णालयात, समजा, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला शेतकरी आणला गेला. अंगावर जखम नाही. पण पोटात रक्तस्राव होत असेल तर? त्याला दूरच्या खोलीत हलविण्यास अवधी नसतो. अशा वेळी डॉक्टर सोनोग्राफीचे छोटे यंत्र खाटेपाशीच आणतात.

वटवाघूळ प्रतिध्वनीवरून अंधारात वाट ओळखते. हे यंत्रही तसेच आहे. मनुष्याला ऐकू न येणारा ध्वनी ते शरीरात सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटविते. १९५८ साली ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड यांनी अशी चित्रे प्रसिद्ध केली. तेव्हाचे यंत्र अवजड होते. आजचे हातात मावते.

द्रवातून प्रतिध्वनी जवळजवळ परतत नाही. म्हणून साचलेले रक्त पडद्यावर काळे दिसते. परंतु मूत्राशयातील मूत्रही काळेच दिसते! हा भेद ओळखता यावा म्हणून तरुण डॉक्टरांना जाणत्या गुरूंच्या देखरेखीखाली अनेक रुग्ण तपासावे लागतात. चित्र चुकीचे वाचले, तर रुग्णाचे प्राण धोक्यात येतात. म्हणून यंत्र मिळविण्याइतकेच त्यावरील चित्र वाचण्यास शिकणे अगत्याचे आहे.