चला, फायलींचं बारसं करू या!

दोस्तांनो, समजा तुमच्या वर्गात साठ मुलं आहेत आणि साठही जणांचं नाव 'गणेश'! बाई हजेरी कशी घेणार?

घरच्या संगणकात असाच घोळ असतो. सहलीचे, मुंजीचे, गॅदरिंगचे फोटो, पण नावं काय? 'डीएससी ००४७' नाहीतर 'आयएमजी ००४७'! ही नावं कॅमेरा ठेवतो. १९९८ साली जपानमध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी नियम ठरला : नावात चार जागा अक्षरांना, चार आकड्यांना. आकडे ०००१ ते ९९९९. ते संपले की गाडी पुन्हा ०००१ वर!

धोका इथेच आहे. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली राहू शकत नाहीत. नवा फोटो तिथे टाकायला गेलात की संगणक विचारतो, 'जुनी फाईल बदलू का?' घाईत 'हो' म्हटलंत, की आजोबांच्या पंच्याहत्तरीचा फोटो गायब आणि त्या जागी शेजारचं मांजर!

नाव कसं ठेवाल?

नावात तीन गोष्टी हव्यात : तारीख, प्रसंग आणि क्रमांक. उदाहरणार्थ, '२०२४-०८-१५_झेंडावंदन_००१'.

वर्ष आधी का? संगणक नावं शब्दकोशासारखी, डावीकडून एकेक अक्षर बघत लावतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की फायली आपोआप काळाच्या क्रमाने उभ्या राहतात. १९८८ साली निघालेल्या 'आयएसओ ८६०१' या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम आहे. तारखेत तिरकी रेघ मात्र घालू नका. विंडोज ती नावात घेतच नाही.

आणि शून्यं कशाला? डावीकडून बघितलं तर '१०'ची सुरुवात '१'ने होते, म्हणून तो '२'च्या आधी येऊन बसतो! '००२' आणि '०१०' लिहिलं की भांडण मिटलं. विंडोज आता आकडे नीट लावतं, पण सगळ्याच प्रोग्रॅमना ते जमत नाही.

डॉसच्या जमान्यात नावाला आठच अक्षरं मिळत. १९९५ साली आलेल्या 'विंडोज ९५'मध्ये लांब नावं चालू लागली. मग आता कंजुषी कशाला?

एका दमात शंभर!

शंभर फोटोंना एकेक करून नाव द्यायचं? छे! विंडोजमध्ये फोटो तारखेप्रमाणे लावा. पहिल्यावर टिचकी मारा. कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवडा. एफ२ दाबा, नाव लिहा, एंटर! सगळ्यांना तेच नाव आणि पुढे (१), (२), (३)... चुकलं? लगेच कंट्रोल आणि झेड दाबा, जुनी नावं परत येतील. शून्यांसकट क्रमांक हवे असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत 'पॉवरटॉईज'मध्ये 'पॉवररिनेम' आहे. ते नवी नावं आधी दाखवतं आणि मगच बदलतं.

टिंबानंतरचं शेपूट, म्हणजे 'जेपीजी' वगैरे, बदलू नका. फाईल कोणत्या प्रकारची आहे, हे संगणक त्यावरून ओळखतो.

या रविवारी करून बघा. आधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मग पाचच फायलींवर हात साफ करा. जमलं, की बाकीच्या पंचाण्णवांचं बारसं! आणि हो, कोणता फोटो कुठल्या प्रसंगाचा हे आजीला जरूर विचारा. संगणकाला ते ठाऊक नसतं!