व्हिडिओ खेळांचे संदर्भग्रंथ, संग्राहकोपयोगी

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या व आता निर्मिती थांबलेल्या व्हिडिओ खेळांची ओळख पटविण्यासाठी, त्यांच्या आवृत्त्यांतील फरक कळण्यासाठी आणि दुर्मिळता ठरविण्यासाठी रचलेले ग्रंथ वा सूची. टपाल तिकिटांच्या क्षेत्रात स्टॅन्ली गिबन्झ यांच्या १८६५ मधील किंमतपत्रकापासून जी परंपरा सुरू झाली, तिचेच हे अलीकडचे रूप होय. फरक एवढाच, की तिकिटाचे बहुतेक काही त्याच्या पृष्ठभागावर दिसते. खेळाचे मर्म मात्र बंद पेटीतील संकलित मंडलात असते आणि बाहेरची चिठ्ठी खोटी असू शकते.

घरगुती खेळयंत्रांचा इतिहास १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसीपासून मानतात. स्मृतिमंडल असलेली सुटी पेटी (कार्टरिज, आपल्याकडील मुलांच्या भाषेत ‘कॅसेट’) यंत्रात घालून खेळ बदलण्याची सोय १९७६ च्या फेअरचाइल्ड चॅनल एफ या यंत्राने आणली, पुढील वर्षी आलेल्या अटारीच्या यंत्राने ती लोकप्रिय केली. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील हा धंदा कोसळला. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतील ॲलमोगॉर्डो येथे पुरला. २०१४ मध्ये तो उकरला असता सु. १,३०० पेट्या हाती आल्या. जपानमध्ये मात्र १९८३ च्या जुलैमध्येच निन्टेंडो कंपनीचे फॅमिकॉम यंत्र निघाले. संग्राहकांच्या आजच्या सूचींचा मोठा भाग या यंत्राच्या खेळांनी व्यापलेला आहे.

आरंभीच्या सूची हौशी मंडळींनी तयार केल्या. अमेरिकेतील ‘डिजिटल प्रेस’ या पत्रिकेच्या मंडळींनी जुन्या बाजारांतून पाहिलेल्या पेट्यांची नोंद ठेवून प्रत्येकीला एक ते दहा असा दुर्मिळतेचा अंक दिला. ब्रेट वाइस यांचा १९७२ ते १९८४ या काळातील घरगुती खेळांवरील ग्रंथ २००७ मध्ये निघाला व त्यानंतरच्या वर्षांसाठी पुढील खंड आले. पॅट कॉन्ट्री यांचा निन्टेंडो खेळांवरील ग्रंथ २०१६ चा. अशा ग्रंथांतील नोंदीत सामान्यतः खेळाचे नाव, प्रकाशक, वर्ष, खेळाडूंची संख्या आणि थोडक्यात वर्णन असते. काहींत किंमतही देतात. पण ग्रंथाचा हाच भाग सर्वांत लवकर शिळा होतो. १९९० च्या निन्टेंडो स्पर्धेसाठी ११६ पेट्या काढल्या होत्या (९० करड्या व २६ सोनेरी). हा आकडा कायम राहतो, त्यांचा भाव राहत नाही. २०२१ मध्ये न उघडलेल्या ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक प्रत लिलावात सु. १५.६ लक्ष डॉलरना विकली गेली. वास्तविक या खेळाच्या लक्षावधी प्रती निघाल्या आहेत. दुर्मिळता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. कित्येक खेळ दुर्मिळ आहेत ते त्या काळी कोणी विकत घेतले नाहीत म्हणून.

भारतात या ग्रंथांचा उपयोग करू पाहणाऱ्यास वेगळीच अडचण येते. १९९० नंतरच्या दशकात येथील घरांत पोहोचलेली यंत्रे बहुधा फॅमिकॉमच्या नकला होत्या. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावे त्या पिढीच्या स्मरणात आहेत. अधिकृत माल महाग होता. शॉ वॉलेस कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या सेगाच्या यंत्राची किंमत सु. १८,००० रुपये होती. नकलांच्या पेट्यांना जपानी पद्धतीप्रमाणे ६० संपर्कपट्ट्या असत (अमेरिकी पेट्यांना ७२). पेटीवर ‘एकात ९९,९९,९९९ खेळ’ असे छापलेले असे. आत दहावीस खेळच निराळ्या नावांनी व निराळ्या टप्प्यांपासून पुनःपुन्हा येत. निर्मात्याचे नाव पुसलेले, चित्र भलत्याच खेळाचे, आणि मंडलावर काळ्या राळेचा ठिपका, त्यामुळे क्रमांकही वाचता येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या (आता डॉ. भडकमकर मार्ग) इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारांतून असा माल विकला जाई.

या पेट्या परदेशी सूचींत बहुधा आढळत नाहीत, कारण त्यांचा भर मुख्यतः परवान्याने निघालेल्या खेळांवर असतो. कायद्याच्या दृष्टीने हे ठीकच आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियमातही (१९५७) १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय कार्यक्रमांना साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले आहे. परंतु नकल वगळली की एका अख्ख्या देशाचा अनुभव नोंदीबाहेर राहतो. नाणेशास्त्रात खोट्या नाण्यांचाही अभ्यास होतो. तोच न्याय येथे लावण्यास हरकत नसावी.

ओळख पटविण्याचा विश्वसनीय मार्ग म्हणजे पेटीतील स्मृतीची नक्कल संगणकात उतरवून तिची पडताळणी-संख्या काढणे. स्मृतीतील सर्व अंकांवर ठराविक गणिती क्रिया करून ही संख्या मिळते. एक अंक बदलला तरी ती बदलते. दोन पेट्यांवरील चित्रे निराळी असून संख्या एक आली, तर खेळ एकच समजावा. मात्र त्यासाठी पेटी चालू स्थितीत हवी, आणि कोकणात हीच गोष्ट कठीण असते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या मंडणगड तालुक्याचे उदाहरण घेता येईल. सावित्री नदी व बाणकोटची खाडी यांच्या दक्षिणेचा हा डोंगराळ मुलूख अतिपावसाचा आहे. येथील कुटुंबांचे मुंबईशी चाकरमान्यांमार्फत निकटचे संबंध असून मुंबईत जुनी झालेली वस्तू गावच्या घरी माळ्यावर जाणे स्वाभाविकच ठरते. चार महिन्यांच्या दमट हवेत तांब्याच्या संपर्कपट्ट्या काळवंडतात, चिठ्ठीवर बुरशी धरते, जोडाच्या ठिकाणी गंज चढतो. खेळ चालला नाही की पेटीच्या तोंडाशी फुंकर मारण्याची मुलांची सवय सर्वत्र होती. तिने तात्पुरते काम भागल्यासारखे वाटे, ते बहुधा पेटी काढून पुन्हा बसविल्यामुळे; फुंकरीतील ओलाव्याने गंजाला मदतच होई. आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पुसणे हा सौम्य उपाय होय. सरस पातळ होऊन चिठ्ठी सुटू लागली असेल, तर साफसफाईपूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. दुकानाचा शिक्का, किमतीची पट्टी, बिल यांवरून पेटी कोठून आली ते कळते. म्हणून त्यांची नोंद खेळाच्या नावाइतकीच महत्त्वाची असते.

भारतात निर्माण झालेले खेळ मात्र परदेशी सूचींत शिरले आहेत. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीज संस्थेने ‘हनुमान : बॉय वॉरिअर’ हा खेळ २००९ मध्ये केला. विटीदांडू, कबड्डी अशा देशी खेळांवरील ‘देसी अड्डा’ त्याच वर्षीचा. मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पिअन्स’ (२०१०) व ‘रा.वन’ (२०११) हे खेळ केले. २०१३ च्या आरंभी या यंत्राचे उत्पादन थांबले. त्यानंतर अल्पावधीतच बाजारात आलेला ‘डॉन २’ हा त्याच्या अखेरच्या खेळांपैकी होय. विक्री मुख्यतः भारतातच झाल्याने परदेशी संग्राहक त्यांच्या शोधात असतात, तर येथे ते रद्दीतही निघतात.

ग्रंथालयांच्या दृष्टीने स्थिती विषम आहे. जपानच्या राष्ट्रीय डाएट ग्रंथालयाकडे २००० पासून तबकड्या-पेट्यांच्या रूपातील इलेक्ट्रॉनिक प्रकाशने, त्यांत खेळही, जमा करावी लागतात. भारतातील १९५४ चा ग्रंथ प्रदान अधिनियम पुस्तके व वृत्तपत्रे यांपुरता आहे. त्यामुळे येथे निघालेल्या खेळांच्या प्रती कायद्याने कोठेही जमा झालेल्या नाहीत. ज्या उरल्या आहेत त्या खाजगी घरांत. [⟶ खेळ, प्रताधिकार, संग्रहालये].