दुसऱ्याच्या ध्यासाचा आधार

पूर्वी कुलाबा म्हणत त्या जिल्ह्यातील, पनवेल तालुक्याचे ओवे हे गाव आज खारघरच्या वसाहतींनी वेढलेले आहे. आणि उदरनिर्वाहासाठी नाना मुलखांतून आलेली जी माणसे या परिसरात एकमेकांच्या शेजारी राहू लागली, त्यांत भजनी मंडळींप्रमाणेच रविवारी उपासनेस जाणारी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. शेजाऱ्याच्या सणाचा फराळ आपण आनंदाने स्वीकारतो. परंतु त्याच्या श्रद्धेने आपल्याला कोणते बळ दिले, याची नोंद आपल्या दप्तरी क्वचितच होते. मराठी ख्रिस्ती जनांच्या इतिहासाकडे त्या दृष्टीने पाहिले, तर एकाची तन्मयता पाहून दुसरा उभा राहिल्याचे प्रसंग पदोपदी भेटतात.

गोमंतकात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीचा छंद आत्मसात करून १६१६ साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. परक्या लोकांची कथनपरंपरा इतक्या प्रेमाने शिकल्यावाचून असा ग्रंथ होत नाही, एवढे सांगून पुढे जाणे इष्ट. कारण या विषयाचे खरे वैभव एकोणिसाव्या शतकात आहे.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा संस्कृत विद्येबद्दल त्यांची कीर्ती झालेली होती. वाँटेजच्या भगिनीमंडळाच्या आश्रयाने राहताना, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची फुलहॅम येथे ज्या ममतेने शुश्रूषा चाले ती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली, आणि जिला धर्मशास्त्रांच्या वादात कोणी सहज जिंकू शकले नसते ती विदुषी त्या निःशब्द सेवेपुढे नम्र झाली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापन झाल्यावर, ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, मिशनरी जॉन पेटन आणि चीनमध्ये कार्य करणारे हडसन टेलर यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. वर्गणीसाठी कोणाकडेही हात न पसरता, केवळ ईश्वरावर भरवसा ठेवून म्युलरांनी अनाथालये चालविली होती. असा भरवसा हिंदुस्थानात ठेवता येईल काय, हा प्रश्न रमाबाईंच्या अंतःकरणात घर करून राहिला. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून उपासमारीने गांजलेल्या मुली व विधवा आणून केडगावी त्यांच्या अन्नवस्त्राचा, शिक्षणाचा व उद्योगाचा बंदोबस्त करताना त्यांनी आपल्या कृतीनेच त्याचे उत्तर दिले. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि त्याची छपाई केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून झाली. १९२२ साली त्या निवर्तल्या. ज्यांना जगाने ओझे मानले होते त्यांनी धर्मग्रंथाचे खिळे जुळवावेत, याहून मोठा गौरव मला तरी ठाऊक नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट याहून निराळी. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, आणि १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तरीही तुकारामांविषयीची त्यांची भक्ती उणावली नाही, उलट आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र हा आघात दुःसह झाला. पतीपासून दूर काढलेली वर्षे, सोवळ्याओवळ्याचे मनोमनीचे झगडे, आणि अखेर स्वतःच्या विवेकाला पटल्यावरच १९०० साली केलेला निश्चय, हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या निर्मळपणे सांगितले आहे त्यास मराठी आत्मचरित्रांत तोड नाही. पतीची श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही. त्या श्रद्धेच्या तेजाजवळ राहून स्वतःची घडविली. त्यांच्या नगरच्या घरी तरुण बालकवींना पुत्राप्रमाणे जिव्हाळा मिळाला, आणि निसर्गाच्या सौंदर्याने वेडावलेल्या त्या मुलाच्या प्रतिभेला भिन्न धर्माच्या गृहात आधार सापडला, हे मराठी कवितेचे भाग्यच म्हटले पाहिजे.

अलीकडच्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला आणि वसईची हिरवाई राखण्याच्या लढ्यात सर्व धर्मांच्या गावकऱ्यांना एकत्र आणले. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, ते याच मराठी मातीतून.

परंतु मला सर्वांत अधिक धीर देते ती ‘ख्रिस्तायना’ची हकीकत. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. आणि लग्न होऊन आली तेव्हा जिला धड लिहिता-वाचता येत नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचले.